२४ मावळ्यांच्या ऑर्डरबद्दलच्या २ स्टार रिव्ह्यूला दुकानाकडून उत्तर

नमस्कार ताई,

तुमचा रिव्ह्यू काल रात्रीच वाचला. लगेच उत्तर दिलं नाही कारण त्यातलं एक वाक्य मनाला फार लागलं आणि तसं लागलेलं असताना लिहायला बसलं की भलतंच काहीतरी लिहून जातं. आज सकाळी दुकान उघडल्यावर आधी तुमच्या ऑर्डरचे सगळे फोटो काढले, व्हॉट्सअ‍ॅपवरचं बोलणं पहिल्या मेसेजपासून वाचलं आणि मग लिहायला घेतलंय.

बाकीच्या वाचणाऱ्यांसाठी आधी थोडक्यात सांगतो. ताईंनी मुलासाठी जूनमध्ये २८ एमएमचे, म्हणजे टेबलावरच्या युद्धखेळात वापरतात तसे साधारण इंचभर उंचीचे, प्लास्टिकचे २४ मावळे करायला दिले होते, एकाचे ४५० प्रमाणे १०,८०० रुपये, पार्सल दिवाळीच्या आठवडाभर आधी ठाण्याला पोचलं. तक्रार अशी आहे की पहिल्याच दिवशी तीन मावळ्यांचे दांडपट्टे निखळले, पागोट्यांचा रंग नखाने निघतोय, किल्ल्यावर ठेवल्यावर खालचे बेस फुगले, सगळे एका उंचीचे नाहीत, रंग मळकट आहेत, वेळ फार लागला, एवढ्या पैशात थ्रीडी प्रिंट केलेले दुप्पट आले असते, आणि सगळ्यात मोठं म्हणजे 'महाराजांचे मावळे सांगून अरबांचे पुतळे जोडून रंगवून दिले, ही फसवणूक आहे'.

दांडपट्ट्यांपासून सुरुवात करतो कारण तिथे चूक सरळ माझी आहे.

दांडपट्ट्याची गंमत म्हणजे त्याची मूठ कोपरापर्यंतच्या लोखंडी खोबळ्याच्या आत असते आणि पातं हाताच्या सरळ रेषेत पुढे, त्यामुळे मनगट वळतच नाही. असा हात एकाही तयार किटमध्ये (सुटे प्लास्टिकचे भाग जोडून माणूस करायचा संच) मिळत नाही, तो करावाच लागतो. साडेतीन-चार फुटांचा पट्टा या मापात जेमतेम २ सेंटीमीटरचा होतो आणि इतकं पातळ पातं प्लास्टिकचं केलं तर ते केसासारखं वाकतं, म्हणून मी पितळी पट्टी वापरली. इथवर सगळं बरोबर होतं. चुकलं ते पुढे. प्लास्टिक प्लास्टिकला जोडताना आम्ही जे सिमेंट वापरतो ते दोन्ही कडा विरघळवून एकजीव करतं, तो जोड सुटत नाही, प्लास्टिक तुटेल पण जोड नाही. पितळेला ते सिमेंट धरतच नाही, तिथे सुपरग्लू लागतो आणि सुपरग्लूचा जोड ओढ सहन करतो पण बाजूने टिचकी बसली की टक्कन सुटतो. म्हणून आत पिन घालायची असते, हातड्रिलने भोक पाडून. ऑर्डरमध्ये सहा पट्टेवाले होते, पहिल्या तिघांना मी पिन घातली, उरलेल्या तिघांना नुसतं चिकटवलं कारण दिवाळी जवळ आली होती आणि मी घाई केली. तुमचे नेमके तेच तीन सुटलेत, फोटोत ओळखू आले. याला माझ्याकडे काही कारण नाही ताई, माफ करा.

आता ते कसे करणार तेही सांगतो म्हणजे पुन्हा सुटतील ही धास्ती राहणार नाही. पट्टी आणि पिन वेगळी ठेवायचीच नाही. अर्ध्या एमएमची पितळी तार घ्यायची, पुढचा भाग ऐरणीवर हलक्या हातोडीने ठोकून चपटा करायचा, ते पातं, आणि मागचे ३ एमएम तसेच गोल ठेवायचे, ते सरळ कोपराच्या दिशेने हाताच्या आत जातात. एकच तार, मधे जोडच नाही. काल रात्री एक करून बघितला, चिमट्याने धरून मावळा पट्ट्यावर उचलला तरी हलला नाही. सहाच्या सहा असे करून देतो, जे तीन अजून शाबूत आहेत तेही.

पागोट्यांच्या रंगाचंही खापर माझ्यावरच. पागोटी ग्रीन स्टफ नावाच्या पुट्टीची आहेत, निळी आणि पिवळी पुट्टी समसमान मळली की हिरवी होते आणि पहिला तास-दीड तास हाताला येते, मग कडक व्हायला लागते आणि दुसऱ्या दिवशी दगड. सुरुवातीला ती फार चिकट असते, हत्याराला चिकटू नये म्हणून मी टोकाला अगदी पुसटसं व्हॅसलिन लावतो. ते वाळल्यावर साबणाच्या पाण्याने आणि मऊ ब्रशने धुवावं लागतं, नाहीतर त्या तेलकटपणावर प्राइमर, म्हणजे रंगाच्या आधीचा थर, बसतो खरा पण धरत नाही. तुमच्या एका बॅचचं धुणं नीट झालेलं नाही. माझ्या वहीत धुतल्याची खूण आहे, पण रंग निघतोय म्हणजे नीट धुतलं नव्हतं, वहीचं काय घेऊन बसायचं. दोन-तीन जणांचा अंगरखा हाताला खरखरीत लागतो म्हणता ते प्राइमर जुलैत स्प्रे केल्यामुळे, दमट हवेत स्प्रे नीट बसत नाही आणि बारीक रवाळ थर होतो. पावसाळ्यात मी एरवी ब्रशनेच प्राइमर मारतो, या वेळी उघडीप बघून स्प्रे केला, करायला नको होता.

बेस फुगले त्याबद्दल मला खरंच वाईट वाटलं. ते एमडीएफचे, म्हणजे दाबलेल्या लाकडी भुशाच्या फळीचे असतात, लेझरने कापलेले, टेबलावर वर्षानुवर्षं टिकतात पण पाणी लागलं की कागदासारखे फुगतात. तुमच्या फोटोत किल्ला बघितला, बुरुजावर अळीव काय सुंदर उगवलंय, म्हणजे रोज पाणी शिंपडलं जात असणार, आणि त्या ओल्या मातीत आपले मावळे चार दिवस उभे. ऑर्डर गेम खेळण्यासाठी आहे एवढंच मी धरून चाललो. जून-ऑक्टोबरची ऑर्डर, घरात अकरा वर्षांचा मुलगा, आणि मावळे! किल्ल्यावर जाणार का हे मी विचारायला हवं होतं, मी स्वतः सातवी-आठवीपर्यंत किल्ले केलेत. बदलून प्लास्टिकचे बेस देतो, पाण्याची काही अडचण नाही.

आता तो फसवणूक शब्द. बाकी सगळं मी पदरात घेतो पण हा नाही घेऊ शकत, आणि का ते नीट सांगतो.

माझ्याकडे ज्यांचा माल येतो त्यांच्यापैकी कोणाच्याच लिस्टमध्ये मावळ्यांचा प्लास्टिक किट नाही. रोमन आहेत, व्हायकिंग आहेत, नेपोलियनची अख्खी फौज आहे, कारण हा छंद मुख्यतः इंग्लंडात वाढला आणि त्यांनी त्यांच्या आवडीच्या लढाया आधी केल्या. मग मावळा हवा तर दोनच वाटा, सगळं शून्यातून घडवायचं, ज्याला एका मावळ्याला दोन-तीन हजार पडतील, नाहीतर जवळचं अंग शोधून ते बदलायचं. यालाच किटबॅश म्हणतात. त्यात लपवण्यासारखं काही नाही, उलट या छंदाचा तो कणा आहे. गेम्स वर्कशॉप ही नॉटिंगहॅमची कंपनी, १९८७ ला वॉरहॅमर ४०,००० हा युद्धखेळ काढला तेव्हा सुरुवातीला आजच्यासारखा रणगाड्यांच्या किट्सचा ढीग नव्हता, तर त्यांच्याच मासिकात डिओडरंटच्या डबीपासून तरंगता रणगाडा कसा बनवायचा ते छापून आलं होतं. लोकांनी केले आणि अभिमानाने टेबलावर आणले.

तुमच्या मावळ्यांची धडं ग्रिपिंग बीस्ट या कंपनीच्या अरब भालाइतांच्या किटमधली आहेत आणि काहींचे पाय, काही हात वॉरगेम्स अटलांटिक या दुसऱ्या कंपनीच्या अफगाण किटमधले. हे मी ऑर्डर घेतानाच स्प्रूच्या (सुटे भाग ज्या प्लास्टिकच्या चौकटीत येतात तिच्या) फोटोसकट पाठवलं होतं, पण ते तुमच्याकडच्या दादांच्या नंबरवर, आणि बहुतेक तुमच्यापर्यंत आलं नाही. त्यात दादांचा दोष नाही, ते बिलावर लिहिलेलं असायला हवं होतं. आजपासून प्रत्येक बिलावर लिहितोय कोणतं अंग कुठल्या किटचं.

पण 'जोडून रंगवून दिले' एवढंच झालं नाही हो. एक मावळा डोळ्यासमोर आणा, तो डावीकडून तिसरा, एक पाय दगडावर ठेवून भाला टेकलेला. तो किटमध्ये घोट्यापर्यंतच्या झग्यात होता. झगा गुडघ्यापाशी चाकूने कापला, खालून कोरून पोकळ केला, त्यात आखूड केलेल्या तुमानीतले पाय बसवले आणि एक गुडघा कापून वाकवला. छातीवर ग्रीन स्टफचा कागदाइतका पातळ थर देऊन बाराबंदी केली, बंदांच्या गाठी सुईने उचलल्या. कमरेला शेला, शेल्यात कट्यार. मूळचं डोकं काढून टाकलं, दुसऱ्या डोक्यावर पुट्टीच्या सुतासारख्या वळ्या एकावर एक गुंडाळून पागोटं, कानात भिकबाळी (ती फक्त रंगाचा एक ठिपका आहे पण मला ती हवी होती). ढालीवर चार फुल्या, त्या पिनेच्या डोक्याने दाबून केलेल्या. हा एक माणूस रंगासकट साडेतीन तासांचा आहे. मूळच्या अंगातलं त्यात जे उरलंय ते छाती, खांदे आणि उभं राहण्याचा आब. महाराजांचं नाव घेऊन मी कोणाला काही खपवत नाही ताई, हे काम करताना दुकानातला रेडिओसुद्धा बंद असतो.

रंग मळकट वाटले त्याबद्दल. सगळ्यांना एकसारखं भगवं पागोटं करून देणं मला सोपं होतं, वेळही निम्मा लागला असता. पण मावळ्यांना गणवेश नव्हता, ज्याच्या घरात जे होतं ते तो नेसून आला. म्हणून धुऊन धुऊन पिवळट पडलेलं पांढरं, मंजिष्ठाचा लाल, निळीचा निळा, आणि चार जणांना घोंगडीचा काळा. भगवा फक्त झेंडा धरलेल्या माणसाच्या हातात दिसेल. तुम्हाला भगवी पागोटी हवीच असतील तर सांगा, नाहीतरी रंग परत द्यायचाच आहे, मी करून देतो, फक्त एकदा चिरंजिवांना विचारून बघा.

उंचीचं अर्धं बरोबर, अर्धं नाही. २८ एमएम म्हणजे कोणी तळव्यापासून डोळ्यापर्यंत मोजतं, कोणी डोक्यापर्यंत, त्यामुळे दोन कंपन्यांची माणसं शेजारी उभी केली की एक दीड एमएमने उंच निघतो. माणसं एका उंचीची नसतातच, त्यामुळे थोडा फरक मी मुद्दाम ठेवतो, पण मागच्या रांगेतले दोघं खरंच पोरसवदा दिसतात, त्यांच्या पायाखाली प्लास्टिकच्या शीटचा तुकडा घालून वर घेतो.

आणि थ्रीडी प्रिंट. मी स्वतः देतो, माझ्याकडे स्वस्तात मिळतील. पण प्रिंटच्या साध्या रेझिनमधला भाला टेबलावरून पडला की काडीसारखा मोडतो, प्लास्टिकचा वाकतो आणि परत सरळ करता येतो. मुलगा हाताळणार म्हणून मी प्लास्टिक सुचवलं होतं, आजही तेच सुचवेन. वेळेचं म्हणाल तर मी तीन महिने सांगून साडेचार लावले, तेव्हा रंगकामाचे धरलेले २,४०० रुपये आजच परत पाठवले आहेत, पोचले का बघा.

कुंभारवाड्यातले मातीचे मावळेच बरे असं तुम्ही लिहिलंत त्याला मी नाही म्हणणार नाही. दरवर्षी मीही आणतो, ओल्या मातीत त्यांच्यासारखं कोणी उभं राहत नाही. पुढच्या वर्षी किल्ल्याच्या उतारावर ते आणि वर बालेकिल्ल्यावर आपले असं करून बघा.

चोवीसच्या चोवीस मावळे माझ्या खर्चाने मागवून घेतो, सोमवारी कुरिअरवाला तुमच्याकडे येईल, मी दोन आठवड्यांत परत पाठवतो आणि या वेळी रोज संध्याकाळी फोटो टाकतो, तुमच्या नंबरवर. निखळलेले पट्टे सापडले तर ठेवा, नाही सापडले तरी चालतील, पण एक विनंती आहे, फुगलेले बेस ओढून काढू नका, पायाचा अंगठा त्याच्याबरोबर निघून येतो. सावलीत नुसते उभे करून ठेवा, उन्हात नको, बाकी मी सोडवतो.