मास्टर क्लॉक घेतलं की साउंड ‘उघडतो’ म्हणे

व्हॉट्सॲपवर एक मेसेज फिरतोय, होम स्टुडिओवाल्या बहुतेकांना आला असेल. इंटरफेसमधलं (माइक कॉम्प्युटरला जोडायचा डबा) क्लॉक, म्हणजे आवाजाचे नमुने (सॅम्पल) कधी घ्यायचे याचा ठोका देणारं सर्किट, फालतू असतं, बाहेरचं मास्टर क्लॉक लावा, जमलं तर रुबिडियमवालं ॲटॉमिक, मग जिटर (ठोक्यातली थरथर) संपतो, बेस घट्ट होतो, आणि क्लॉक जोडायची बीएनसी कनेक्टरची केबल काय कुठलीही चालते. आता एकेक घेऊ.

आतलं क्लॉक फालतू? उलट आहे राव. कन्व्हर्टरला (आवाजाचे आकडे आणि आकड्यांचा आवाज करणारी चिप) सगळ्यात स्वच्छ ठोका मिळतो तो त्याच बोर्डवर शेजारी बसलेल्या क्वार्ट्झ क्रिस्टलकडून. बाहेरचा वर्ड क्लॉक म्हणजे सॅम्पल रेटच्या वेगाची चौकोनी लाट, 48 किलोहर्ट्झला सेकंदाला 48,000 वेळा, ती केबलमधून येणार, मग आत पीएलएल नावाचं सर्किट तिच्या मागे पळत आपला वेग जुळवणार आणि तो कन्व्हर्टरला देणार, एवढ्या धावपळीत जिटर कमी कुठून होणार? पीएलएल चांगलं असेल तर फार तर आतल्याइतकाच राहतो, साधं असेल तर वाढतो. आता क्रिस्टल अगदीच भंगार असेल तर गोष्ट वेगळी, पण तसल्या मशीनचं पीएलएल तरी कुठे धड असणार! आणि ‘मला फरक ऐकू आला’ म्हणणाऱ्यांना एवढंच, फरक पडूही शकतो, पण वेगळं म्हणजे चांगलं नव्हे, त्यात पैसे मोजून झालेले असले की कान जरा जास्तच उदार होतात.

ॲटॉमिकचं तर विचारूच नका. रुबिडियमची खरी ताकद दिवसेंदिवस, महिनोन्‌महिने न सरकण्यात आहे. जिटर म्हणजे या सॅम्पलपासून पुढच्या सॅम्पलपर्यंतची थरथर, तिथे चांगलं क्वार्ट्झ अजिबात मागे नाही. गंमत म्हणजे रुबिडियमच्या डब्यातही आउटपुट साधारणपणे क्वार्ट्झच देतं, रुबिडियम फक्त त्याचा कान धरून बसतं. गाणं चार मिनिटांचं, त्याला महिन्याची स्थिरता कशाला?

मग कॉमन क्लॉक लागतो कधी? दोन डिजिटल मशीन एकमेकांना ऑडिओ देतात तेव्हा, आणि तेव्हा तो लागतोच. समजा इंटरफेसला ॲडॅटने (एका ऑप्टिकल केबलमधून आठ चॅनल नेणारी डिजिटल जोडणी) आठ चॅनलचा प्रीॲम्प (माइकचा सिग्नल मोठा करणारा डबा) जोडलाय आणि दोघं आपापल्या क्लॉकवर चालतायत, दोन क्रिस्टलमध्ये दहा लाखांत 20 एवढा फरक धरला तरी सेकंदाला जवळपास एक सॅम्पल घसरतं आणि आलापाच्या मध्येच ‘टिक’ वाजतं. पण यासाठी नवा डबा नको, ॲडॅट आणि एसपीडिफच्या (तसलीच, पण दोन चॅनलची जोडणी) सिग्नलमध्येच क्लॉक येतो. प्रीॲम्पकडून इंटरफेसकडे एकच ऑप्टिकल केबल असेल तर इंटरफेसचा क्लॉक सोर्स ‘ॲडॅट’ करा, झालं. नुसता लॅपटॉप आणि एक यूएसबी इंटरफेस असेल तर सिंक करायला आहेच काय, हल्लीच्या इंटरफेसमध्ये कॉम्प्युटरच त्याच्या क्लॉकमागे चालतो. दांतेवाले (नेटवर्कच्या केबलमधून ऑडिओ नेणारे) तर निवांत, नेटवर्क आपला लीडर क्लॉक आपणच निवडतं.

केबल कुठलीही चालते हे मात्र डोकं फिरवणारं. वर्ड क्लॉकला 75 ओमची कोॲक्स लागते, आरजी-59 सारखी. आरजी-58 ही 50 ओमची, तिलाही बीएनसीच असतो आणि दिसायलाही तशीच, त्यामुळे लोक बिनधास्त लावतात. त्यात टी (तीन तोंडांचा जोड) लावून चार मशीन ओळीत जोडली असतील तर 75 ओमचं टर्मिनेशन (केबलच्या टोकाचा रोध) फक्त शेवटच्या मशीनवर चालू हवं, मधल्यांवर बंद, नाहीतर सिग्नल पडतो आणि लॉकची (क्लॉक जुळल्याची) लाइट लुकलुकत बसते. काही मशीनना त्याचं बटण मागे असतं, काहींत ते आत कायमचंच असतं, तेव्हा टी विकत आणायच्या आधी मॅन्युअलमधलं तेवढं पान बघून घ्या.