शिट्टी मारतंय

सांगलीच्या माणसाला आवाजाचं वावडं नाही. ऊस कारखान्याला निघाला की दोन-दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर मध्यरात्री गाणं लावून दारावरून जातो, खिडक्यांच्या काचा ठेका धरतात, आणि आपण कूस बदलत "हंगाम सुरू झाला वाटतं" एवढंच म्हणतो. गणपती विसर्जनाला स्पीकरच्या भिंतीसमोर आपण नातवंडांना खांद्यावर घेऊन उभे राहतो. बरगड्या हलतात, पण तक्रार नाही. अट एकच असते: नाचायचं कधी आणि टाळी कधी वाजवायची, हे आधी कळलं पाहिजे. माझ्या भाच्याच्या बँडचं नेमकं याच मुद्द्यावर गावाशी जमत नाही.

भाचा इंजिनिअर आहे. म्हणजे होता. आता तो 'साउंड करतो'. गातो का, तर नाही. वाजवतो का, तर तसंही नाही. त्याच्या बँडचं नाव मला आजही सांगता यायचं नाही, कारण पोस्टरवर ते काळ्या कागदावर काळपट शाईने, बाभळीच्या काट्यांचं कुंपण घालावं तशा अक्षरांत छापलं होतं. मी चष्मा लावून, काढून आणि शेवटी कागद उलटा धरूनही पाहिलं. "वाचता येत नाही रे," म्हटल्यावर त्याचा चेहरा फुलला. खालची वेळ मात्र स्वच्छ वाचता येत होती, सायंकाळी 7. तेवढीच खोटी निघाली.

जागेचं आधी काही जमेना. शहरातल्या एका सभागृहात तो चौकशीला गेला, तर तिथल्या कारकुनाने विचारलं, "नाटक, लग्न का सत्कार?" फॉर्मवर चौथा रकाना नव्हता. मग हरिपूरच्या एखाद्या रिकाम्या पेवात कार्यक्रम करायचा बूट निघाला. पेवं म्हणजे हळद साठवायची जमिनीखालची कोठारं. त्यांत हळद वर्षानुवर्षं टिकायची. माणसाला मात्र उतरण्याआधी पेटता कंदील दोरीने खाली सोडून बघावा लागतो. कंदील विझला की समजायचं, खाली हवा नाही. 2005 आणि 2019 च्या पुरांनी त्यातली बरीच पेवं निकामी केली म्हणून बरं, नाहीतर ही पोरं कंदिलालाच माईक लावून खाली उतरली असती.

शेवटी मार्केट यार्डाच्या मागच्या अंगाला हळदीचं एक जुनं गोदाम मिळालं. हळद कधीच गेली होती, पण जाताना तिने भिंती, फरशी आणि तुळया स्वतःच्या नावावर करून ठेवल्या होत्या. श्रोते सगळे काळ्या टी-शर्टातले. खाली सतरंजीवर बसले आणि उठले तेव्हा कंबरेखाली पिवळे. घरी गेल्यावर बायकोने दारातच विचारलं, "अहो, कुणाच्या हळदीला गेला होतात?" पण ते नंतर. आत शिरताना दाराशी स्टीलचा डबा होता, त्यावर 'मनाला येईल ते' असं लिहिलेलं. डब्यात माझ्या आधी कुणाच्या तरी मनाला दहा रुपये आले होते. डब्याशेजारी एक जण भडंग विकत होता. त्याचा धंदा जोरात.

"मामा, तू पुढं बस," भाचा म्हणाला. पुढं बसणं म्हणजे स्पीकरच्या तोंडात बसणं. माझ्या शेजारी मिरजेचे एक तंतुवाद्यवाले चाचा बसले होते. पोरांनी त्यांच्याकडून तंबोरा घेतला होता आणि त्याचं पुढं काय होतं हे बघायला ते मुद्दाम आले होते. कानात अत्तराचा फाया. आत्तापर्यंत मी ती सुगंधाची सोय समजत होतो. त्या रात्री तिचा दुसरा उपयोग कळला आणि हेवा वाटला.

आता साउंडवाल्याबद्दल सांगायला हवं, कारण कार्यक्रम पाहायला मी गेलो असलो तरी पाहिलं मी बव्हंशी त्यालाच. लग्न, जागरण-गोंधळ, उमेदवारांच्या सभा, सगळीकडे हाच. स्टेजमागे त्याने आपल्या साउंड सर्व्हिसचा फ्लेक्स हौसेने बांधला होता, मोबाइल नंबरासकट. साउंडवाल्याचं आयुष्य एकाच शत्रूशी लढण्यात जातं: शिट्टी. माईकने स्पीकरचा आवाज उचलायचा, तो वाढून पुन्हा स्पीकरमधून यायचा, माईकने तो पुन्हा उचलायचा, आणि दोन सेकंदांत नवरदेवाच्या आजीने कानावर हात ठेवायचे. ती कुठल्या माईकमधून निघतेय हे ओळखून, इतर कुणाला कळायच्या आत ती दाबणं, यालाच त्या धंद्यात हात म्हणतात.

सव्वाआठला भाच्याने गिटार ॲम्प्लिफायरला टेकवून उभी केली आणि स्वतः लांब जाऊन बसला. शिट्टी निघाली. साउंडवाला चहाचा कप टाकून उठला.

"पोरांनो, शिट्टी मारतंय!"

"मारू दे काका. तेच वाजवतोय."

त्या माणसाचा चेहरा मी विसरणार नाही. तो बसला. शिट्टी चढली. तो पुन्हा उठला, हात आपोआप मिक्सरकडे गेला, भाच्याने नको-नको अशी मान हलवली, हा पुन्हा बसला. हे असं दहा-बारा मिनिटं चाललं. मग त्याने शांतपणे स्टेजमागे जाऊन आपला फ्लेक्स सोडला, घडी घातली आणि टेम्पोत ठेवून आला. लगीनसराई तोंडावर होती.

तेवढ्यात गिटारची वायर निखळली आणि 'खर्र' असा आवाज होऊन सगळं थांबलं. माझ्या पलीकडे बसलेल्या निवृत्त मास्तरांनी सुटकेने टाळ्या वाजवल्या. त्यांच्यामागून सगळ्यांनी वाजवल्या. भाचा वायर खोचत म्हणाला, "अजून सुरू व्हायचंय."

वायर खोचली तरी एक घरघर मागे राहिली. साउंडवाला आता कुणालाच न सांगता म्हणाला, "अर्थिंग नाही गोदामाला. त्याला मी काय करणार?" ही घरघर म्हणजे आपल्या विजेचा स्वतःचा आवाज, सेकंदाला 50 हेलकावे. चाचांनी मान तिरकी केली. एका कानातला फाया काढला. मग दुसऱ्या कानातलाही काढला.

"पांढरी पाच," ते म्हणाले. "किंचित चढी आहे. पण हलत नाही, मास्तर. षड्ज धरून ठेवलाय पोरांनी."

पोरांनी काही धरलं नव्हतं, महावितरणनं धरलं होतं. पण चाचांच्या कौतुकाला मी आडकाठी केली नाही.

पुढचा प्रकार तंबोऱ्याचा. तंबोऱ्याच्या भोपळ्याला त्यांनी रुपयाएवढी पितळी चकती चिकटवली होती. गजराच्या घड्याळात आवाज काढायला असते तीच. तिच्यामुळे लाकडाची थरथरसुद्धा ऐकू येते. मग एक तार छेडायची आणि आवाज लांबवणाऱ्या पायाखालच्या डब्यांनी ती लांबवत न्यायची. किती लांब? मधल्या वेळात मी बाहेर जाऊन भडंग आणलं, तरी तीच तार चालू होती. भाच्याने मला आधीच समजावलं होतं की याला ड्रोन म्हणतात आणि हे न्यूयॉर्कमध्ये सुरू झालं. ला माँट यंग नावाचे गृहस्थ तिथे तासन्‌तास एकच सूर धरून बसत, आणि त्यांच्या चमूत वाजवणारा जॉन केल पुढे व्हेल्व्हेट अंडरग्राउंड या बँडमध्ये गेला. ऐकून मी भारावलो असतो. पण याच यंगसाहेबांनी 1970 मध्ये आपल्या पंडित प्राणनाथांना न्यूयॉर्कला बोलावून त्यांचं शिष्यत्व पत्करलं. प्राणनाथ हे अब्दुल वहीद खाँसाहेबांचे शिष्य, म्हणजे किराणा घराण्याचे. आणि त्याच घराण्याचे अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत राहिले, 1937 मध्ये गेल्यावर मिरजेच्याच दर्ग्यात विसावले. म्हणजे दहा किलोमीटरवर जी वस्तू मिळते, ती आमच्या चिरंजीवांना अटलांटिकपलीकडून आणावी लागली. मी हे चाचांना सांगितलं. ते म्हणाले, "ते सगळं ठीक आहे. पण तंबोऱ्याची जवारी बसलीय, तार झंकारत नाही. उद्या दुकानावर पाठवा म्हणावं."

इचलकरंजीहून आलेल्या दोघांनी वाद्यं आणलीच नव्हती. लॅपटॉप उघडून त्यांनी यंत्रमागाचा आवाज सुरू केला. खडखट, खडखट, खडखट. अंधारात डोळे मिटून डोलणाऱ्या पोरांत एक माणूस मात्र हळूहळू अस्वस्थ व्हायला लागला. कुणा मित्राने त्याला 'गाण्याचा कार्यक्रम आहे, चल' म्हणून पाळी संपल्या संपल्या गाडीवर बसवून आणलं होतं. पाच मिनिटांनी तो उभा राहिला.

"ह्यो माग बंद करा आधी," तो ओरडला. "धोटा अडकतोय. सूत तुटणार!"

लॅपटॉपवाल्याने खरंच बंद केला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि या वेळी कुठे वाजवायच्या याबद्दल कुणालाही शंका नव्हती.

त्यानंतर पुण्याहून आलेला बँड. त्यांचा गायक माईक अख्खा तोंडात घालून किंचाळायचा. धुराचं यंत्र सुरू, लाल दिवा, आणि धुरातून ही आरोळी. मास्तर माझ्या कानाशी तोंड आणून म्हणाले, "हे सांगलीत चालायचं नाही हो. नाट्यपंढरी आहे ही." मला राहवलं नाही. याच सांगलीत 1843 मध्ये संस्थानिक चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने विष्णुदास भाव्यांनी 'सीता स्वयंवर' उभं केलं. त्या परंपरेच्या नाटकांत राक्षस यायचा तो मशालींवर राळ उडवत, धुरातून, 'अलल डुर्र' अशी डरकाळी फोडत. पुढच्या पिढीने त्या सगळ्या नाटकांना अललडुर्र नाटकं असं नावच ठेवलं. भाच्याच्या म्हणण्याप्रमाणे लुइजी रुसोलो या इटालियन चित्रकाराने 1913 मध्ये गोंगाटाच्या कलेचा जाहीरनामा काढला, तिथून हे सगळं सुरू होतं. मी म्हणतो, सांगली सत्तर वर्षं पुढे आहे. मास्तर विचारात पडले. मग म्हणाले, "पण तो राक्षस नंतर मरायचा."

हे मात्र खरं. इथला मरेना.

दहा वाजायला आले तसा भाचा माईकवर आला. शेवटचा प्रकार शांततेचा आहे, म्हणाला. जॉन केज या अमेरिकन संगीतकाराने 1952 मध्ये असं काही न वाजवता चार मिनिटं तेहतीस सेकंद लोकांना बसवलं होतं, आपण थोडं जास्त बसू. मला हा प्रकार सर्वांत आवडला. चौघे पोरं वाद्यांवर हात न ठेवता उभी. यार्डात कुठेतरी एक ट्रक रिव्हर्स घेत होता. कुत्री. पलीकडच्या बिल्डिंगीत मालिका. पिशवीतलं भडंग खावं की नाही या विचारात शंभर माणसं. मी एक दाणा तोंडात टाकला आणि तो फुटला, तशी पुढच्या रांगेतल्या मुलीने वळून पाहिलं. रागाने नाही, दाद म्हणून.

आणि दार उघडून हवालदार आत आले.

रात्री दहानंतर लाउडस्पीकर बंद, हा नियम आहे. निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल एवढीच मुभा. कुणीतरी सव्वाआठच्या शिट्टीची तक्रार केली होती, ती आता पोहोचली. हवालदार दारात थांबले. आत मिट्ट शांतता.

"बंद करा ते," ते म्हणाले.

"बंदच आहे, साहेब," भाचा कुजबुजला.

"मग ही माणसं कशाला बसलीत?"

"ऐकायलेत."

हवालदारांनी कान दिला. त्यांच्या बरोबर आम्हीही दिला. तक्रार कशाची नोंदवायची या पेचात ते एक पाऊल पुढे आले, ॲम्प्लिफायरजवळ उभे राहिले, आणि त्याच क्षणी त्यांच्या कमरेचा वॉकीटॉकी बोलला. वॉकीटॉकी जे बोलला ते गिटारच्या वायरीत शिरलं, तिथून पायाखालच्या डब्यांत आणि तिथून दोन्ही स्पीकरांतून गोदामभर. खरखर, एक आकडा, पुन्हा खरखर, 'कुठं आहात', पुन्हा 'कुठं आहात, आहात, आहात' असं लांबत लांबत ते तुळयांपर्यंत चढलं. हवालदारांनी दचकून बटण दाबलं. त्याने आणखी एक चीत्कार निघाला.

गोदाम उठून उभं राहिलं. "बेक्कार, लगा!" मागून कुणीतरी ओरडलं. शिट्ट्या, टाळ्या. निम्म्या लोकांना ते पाहुणे कलाकार वाटले. हवालदारांनी आधी रागावून पाहिलं, मग टोपी सारखी केली. मास्तर सवयीने 'वन्समोअर' म्हणून गेले.

सामान आवरताना हवालदार भाच्याला बाजूला घेऊन खासगीत विचारत होते, "गणपतीत याच्या दसपट असतंय, पण त्याची तक्रार येत नाही. तुमचीच का येती?" भाचा म्हणाला, "नाचता येत नाही ना यावर." हवालदारांना ते पटलेलं दिसलं.

डब्यात जमलेले पैसे मोजून पोरांनी साउंडवाल्यापुढे धरले. त्याने न मोजता खिशात घातले. पुढच्या महिन्यात परत करायचंय, याल का काका, असं भाच्याने भीत भीत विचारलं.

साउंडवाला वायर गुंडाळत राहिला.

"येतो," तो म्हणाला. "पण शिट्टी मी मारणार. तुमची लई कच्ची होती. आख्खं आयुष्य दाबत आलोय मी तिला. कुठनं निघती ते मला ठाऊक हाय."