‘मान अर्धवट सोडायची तर दाढी करायचीच कशाला?’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

मानेच्या दाढीवरचा माझा लेख वाचून तुम्ही इतकं सविस्तर लिहिलंत, की दोन ओळींत आभार मानून मोकळं होणं बरं दिसणार नाही. तुमचे आक्षेप थोडक्यात असे: उलटा हात न मारता, म्हणजे केसांच्या वाढीविरुद्ध रेझर न फिरवता केलेली दाढी म्हणजे अर्धवट काम, पाच पात्यांचे रेझर असताना मी एका पात्याची तरफदारी करतो, आणि ‘केसांच्या दिशेने करा’ हे बोलायला सोपं, पण मानेवर दिशा असते कुठे? शेवटी तुमच्या मुलाचा उल्लेख आहे. तो माझ्या पद्धतीने दाढी करतो आणि तरी त्याच्या मानेवर पुटकुळ्या येतात. ‘आळशी माणसाचा सल्ला’ हा शेराही वाचला. तो असू द्या.

दिशेचा आक्षेप सगळ्यात नेमका आहे, म्हणून तो आधी. गालावरचे केस बहुतेकांचे खालच्या दिशेला वाढतात. जबड्याची कड ओलांडली की ही शिस्त मोडते. गळ्याच्या तळाशी अनेकांचे केस वर वाढतात, बाजूचे आडवे पडतात आणि काहींना जबड्याच्या कोनाखाली चक्क भोवरा असतो. म्हणूनच मी ‘वरून खाली’ असं कुठेही लिहिलेलं नाही. दोन दिवस दाढी वाढू द्या आणि कोरड्या मानेवरून बोट फिरवा. बोट सहज घसरलं तर ती सुलट बाजू, खुंट टोचले तर उलट. डावी बाजू तपासली म्हणून उजवी तशीच असेल हे धरून चालू नका, बऱ्याचदा नसते. जिथे दिशा बदलते तिथे लांब हात मारायचाच नाही. बोटभर रुंदीचे छोटे हात, प्रत्येक वेळी रेझर वळवून. भोवऱ्याच्या मध्यावर कुठलीच दिशा सुलट नसते. तिथे एकदा आडवा हात मारायचा आणि पुढे सरकायचं. चार खुंट राहिले तर राहिले.

कंठमण्याची अडचण वेगळी. तिथे पात्याला सपाट जागाच मिळत नाही. कातडी बोटाने हलकेच बाजूला सरकवली की उंचवट्यावरचा भाग सपाटीवर येतो आणि तिथे दाढी करता येते. सरकवायची, ताणायची नाही. ताणली की केस थोडा बाहेर येतो, कापला जातो, आणि कातडी सोडली की त्याचं टोक आत जाऊन बसतं.

पाच पात्यांचा मुद्दाही इथेच येतो. दोन पात्यांचा पहिला रेझर जिलेटने १९७१ मध्ये बाजारात आणला. एकाहून जास्त पाती असण्यामागची कल्पना अशी, की पहिलं पातं केसाला किंचित ओढतं आणि तो परत मागे जायच्या आत पुढचं पातं त्याला आणखी खाली कापतं. मग उरलेलं टोक कातडीच्या पातळीखाली जातं. गालावर याला आपण गुळगुळीत दाढी म्हणतो. मानेवर केस तिरपे निघतात, आणि ते कुरळेही असले तर तेच धारदार टोक बाहेर येण्याआधीच मुळाच्या नळीची भिंत भेदतं, किंवा बाहेर येऊन वळतं आणि शेजारच्या कातडीत घुसतं. शरीर त्याला परकी वस्तू समजतं, आणि तयार होते ती टणक लाल पुटकुळी. डॉक्टरी भाषेत याला स्यूडोफॉलिक्युलायटिस बार्बी म्हणतात.

तुमची मान उलट्या हाताने आणि पाच पात्यांनी वर्षानुवर्षं छान राहिली असेल, यावर माझा पूर्ण विश्वास आहे. केस सरळ असले की असं होतं. पण तुमच्या केसांचं श्रेय तुम्ही रेझरला देताय.

‘अर्धवट’ म्हणाल तर दाढी दिवसाला साधारण एक तृतीयांश मिलिमीटर वाढते. उलट्या हाताने मिळवलेला फरक संध्याकाळपर्यंत फारसा उरत नाही. आग मात्र उरते. आणि माझ्या मते मानेची खरी वाट लागते ती ‘हे एवढंच राहिलंय’ म्हणत, फेस पुसला गेलेल्या जागी दाबून मारलेल्या शेवटच्या दोन हातांनी. दुसरा हात मारायचाच असेल तर पुन्हा फेस लावा, आणि आडवा मारा.

पाण्याबद्दल तुम्ही काहीच लिहिलं नाहीत, म्हणून आठवण करून देतो. ओला केस कापायला बराच कमी जोर लागतो, आणि नीट भिजायला त्याला दोन-तीन मिनिटं द्यावी लागतात. मानेला फेस आधी लावा, दाढी शेवटी करा. पातंही बदलत राहा. २०२० मध्ये एमआयटीच्या संशोधकांनी सूक्ष्मदर्शकाखाली दाखवलं, की पोलादापेक्षा कितीतरी मऊ असलेला केसही पात्याच्या धारेचे बारीक टवके उडवतो, विशेषतः कापताना केस वाकला तर. ५ ते ७ दाढ्यांनंतर पातं बदला, असं अमेरिकन अकॅडमी ऑफ डर्मेटॉलॉजी सांगते. तुरटी छोट्या कापावर ठीक. पण ती किंवा आफ्टरशेव्ह चुरचुरलं म्हणजे गुण आला असं नाही.

आता तुमचा मुलगा. त्याचे केस तुमच्यासारखे सरळ आहेत की कुरळे, हे तुम्ही लिहिलेलं नाही, आणि सगळं त्यावरच अडलंय. कुरळे असतील तर सुलट हातानेही त्रास पूर्ण थांबेलच असं नाही. त्याने तीन-चार आठवडे मानेला रेझर लावू नये. अडकलेले बरेच केस वाढता वाढता आपणच सुटतात. नंतर ट्रिमर वापरावा, मिलिमीटरभर खुंट ठेवून, कातडीवर दाबून नाही. पुटकुळी सुईने उकरू नये. डाग आणि व्रण त्यातूनच राहतात. पू होत असेल, दुखत असेल किंवा चट्टा पसरत असेल, तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. जिवाणूंचा आणि बुरशीचा संसर्ग दिसायला असाच असतो, आणि त्यावरची औषधं वेगवेगळी असतात.