मुक्या पीडीएफचा अभ्यास कसा करायचा?

मी पुण्यातल्या एका महाविद्यालयात इतिहास विषय घेऊन एम.ए. करतो आणि मला दिसत नाही. माझा अभ्यास एनव्हीडीए या स्क्रीन रीडरवर चालतो. तो मोफत मिळतो आणि मराठी मजकूर व्यवस्थित वाचून दाखवतो. फक्त पडद्यावर खरोखर मजकूर असावा लागतो. आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मात्र परीक्षा तोंडावर आली की झेरॉक्सच्या झेरॉक्सचे मोबाइलवर काढलेले आडवेतिडवे फोटो पीडीएफ करून टाकले जातात आणि माझ्या कानावर पान रिकामे असल्याची सूचना पडते. ओसीआर, म्हणजे फोटोतली अक्षरे ओळखून त्यांचा मजकूर बनवण्याची प्रक्रिया, करून पाहावे, तर पुसट अक्षरांतून निम्मे शब्द मोडून बाहेर पडतात आणि सनावळ्यांवर तर विसंबताच येत नाही.

टाइप केलेल्या नोट्सची तऱ्हा याहून संतापजनक आहे. त्या युनिकोडपूर्व जुन्या फॉन्टमध्ये असतात (युनिकोड म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला संगणकात स्वतःचा ठरलेला संकेत देणारी पद्धत). डोळ्यांना देवनागरी दिसत असली, तरी संगणकाच्या लेखी ती इंग्रजी अक्षरे आणि चिन्हेच असतात, त्यामुळे शिवकालीन महसूलव्यवस्थेच्या प्रकरणात मला स्वल्पविराम, कंस आणि अर्थहीन रोमन अक्षरे ऐकत बसावे लागते. देवनागरी 1991 पासून युनिकोडमध्ये आहे. भारतीय भाषा संगणकावर आणण्यासाठी झटलेली सी-डॅक ही सरकारी संगणक-संशोधन संस्था याच शहरात 1988 साली सुरू झाली. तरीही विभागातली सवय बदलत नाही!

ग्रंथालयात सॉफ्ट कॉपी मागितली, की कॉपीराइटचे कारण पुढे केले जाते. वास्तविक दिव्यांगांसाठी वाचता येईल अशी प्रत तयार करण्याची मुभा कॉपीराइट कायद्यातल्या 2012 च्या दुरुस्तीने दिलेली आहे, पण ते ऐकून घ्यायलाही कोणाला वेळ नसतो. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने शासकीय व अनुदानित उच्च शिक्षण संस्थांना किमान 5 टक्के जागा राखून ठेवायला लावल्या. प्रवेश दिला की आपले काम संपले, असे या लोकांना खरोखर वाटते का?

तक्रार केली, तर ‘मित्राकडून वाचून घे’ असे सांगतात. मित्राचाही तोच पेपर त्याच दिवशी असतो. त्याने स्वतःचा अभ्यास सोडून रात्रभर मला वाचून का दाखवावे? नोट्सची वर्ड फाइल टाइप करणाऱ्याच्या संगणकात असतेच. मला तीच हवी आहे, युनिकोडमध्ये आणि परीक्षेच्या आधी.