'वांडा' बार्बरा लोडनचाच

रविवारी मालवणात 'वांडा' दाखवणार म्हटल्यावर ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: 'सिनेमा एलिया कझानचा, बायको फक्त नायिका.' हे चुकीचं आहे. १९७० च्या या सिनेमाचं लेखन, दिग्दर्शन आणि मुख्य भूमिका, तिन्ही बार्बरा लोडनची. श्रेयनामावलीतच तसं लिहिलंय. कझान हा हॉलिवूडचा नामवंत दिग्दर्शक, तिचा नवरा. पेनसिल्व्हेनियाच्या कोळसापट्ट्यात, मोजक्या माणसांनिशी, १६ मिमीच्या फिल्मवर काढलेला हा सिनेमा. केसांना कर्लर लावून घटस्फोटाच्या सुनावणीला कोर्टात उशिरा येणारी, 'मुलं त्याच्याकडेच बरी राहतील' म्हणून मोकळी होणारी, कुणाचीच नसलेली वांडा लोडननेच घडवली. बाईचं काम असं नवऱ्याच्या नावावर चढवलेलं बघून फार वाईट वाटतं. कृपया तो मेसेज पुढे पाठवू नका. आधीच पाठवला असेल, तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.