म्यू म्हणे काहीच करत नाही!

म्यू नावाच्या पोकेमॉनबद्दलचा एक मजकूर सध्या गेम खेळणाऱ्या मंडळींमध्ये इकडून तिकडे फिरतोय. मलाच तो तीन जणांनी पाठवला, त्यातला एक तर माझा सख्खा मावसभाऊ. त्याचा गोषवारा असा: "स्मॅश ब्रदर्सचे पाच गेम झाले, १९ वर्षं गेली, आणि म्यू काय करतो? बॉलमधून निघतो, वर उडतो, गायब. पहिल्या गेममध्ये त्याला हल्ला द्यायला वेळ मिळाला नाही, पुढे तेच चिकटवत गेले. उपयोग शून्य. १५१ बॉल फेका, एकदा दिसणारच, त्यात कौतुक कसलं? म्यूटूचे लाड केले आणि ज्याच्यापासून तो बनला त्याला दारात उभं केलं. पण बघाच, पुढच्या गेममध्ये म्यू खेळाडू म्हणून (आपण निवडून लढवायचं पात्र म्हणून) येणार. पाच वेळची हजेरी ही त्याचीच खूण."

एवढ्याशा मजकुरात इतक्या चुका कोंबायलाही कसब लागतं.

ज्यांनी हा खेळ पाहिला नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. 'सुपर स्मॅश ब्रदर्स'मध्ये निन्टेन्डोच्या वेगवेगळ्या गेममधली पात्रं एका मंचावर येऊन एकमेकांना बदडतात. समोरच्याला मंचाबाहेर, पार चौकटीबाहेर उडवायचं, हा खेळ. मारामारी चालू असताना वरून वस्तू पडत राहतात. त्यातली एक पोके बॉल. उचलून फेकला की आतून एखादा पोकेमॉन निघतो आणि थोडा वेळ फेकणाऱ्याच्या बाजूने धुमाकूळ घालतो. म्यू हा त्या बॉलमधल्या सगळ्यात दुर्मिळ पाहुण्यांपैकी एक.

आता 'वेळ मिळाला नाही' हे बघू. पहिला गेम जपानमध्ये २१ जानेवारी १९९९ ला आला. हॅल लॅबोरेटरीने बनवलेला, दिग्दर्शक मासाहिरो साकुराई. त्यात बॉलमधून निघणारे पोकेमॉन १३. ओनिक्स दगडांचा पाऊस पाडतो. मियाउथ नाणी उधळतो. स्टारमी शत्रूसमोर जाऊन तारे सोडत राहतो. स्नॉरलॅक्स उंच उडी मारून अंगावर कोसळतो. चॅन्सी अंडी टाकते. क्लेफेरीची तर कमाल, ती दुसऱ्या पोकेमॉनांच्या चालींची नक्कल करते. इतरांची नक्कल करणारं एक पात्र बसवायला ज्यांच्याकडे सवड होती, त्यांना म्यूच्या हातून एखादा किरण सोडायला सवड नव्हती, हे कुणाला पटेल?

शिवाय काम अर्धवट राहिलं असतं तर म्यू इतरांइतकाच वारंवार निघाला असता, दर १३ बॉलमागे साधारण एकदा. तसं होत नाही. त्याची पाळी मुद्दाम, वेगळी, फार कमी ठेवलेली आहे. आणि जी गोष्ट कमी दिसावी म्हणून कुणीतरी बसून आकडा ठरवला, ती विसरून राहिली असं कसं म्हणायचं?

'उडून जातो' याचंही हसू करतात. पण पोकेमॉनच्या मूळ गेममध्ये, म्हणजे रेड-ग्रीनमध्ये, म्यू सगळ्याच्या सगळ्या ५० टीएम आणि ५ एचएम (पोकेमॉनला शिकवायच्या चाली) शिकू शकतो, आणि त्या पाचांतली एक 'फ्लाय', म्हणजे उडणं, आहे. चाल त्याच्या हक्काची आहे, उसनी नाही.

खरं उत्तर मात्र स्मॅशच्या तीन वर्षं आधीचं आहे. पोकेमॉन रेड आणि ग्रीन २७ फेब्रुवारी १९९६ ला जपानमध्ये विकायला आले. काम जवळजवळ संपलं होतं, गेमचं काडतूस (ज्यात गेम साठवतात ती कार्ट्रिज) गच्च भरलेलं होतं. तपासणीसाठी आत ठेवलेली साधनं शेवटी काढली, तेव्हा जेमतेम ३०० बाइट मोकळे झाले. शिगेकी मोरिमोतो या प्रोग्रामरने त्या फटीत म्यूला बसवलं. साध्या खेळात तो कुणाला भेटायचाच नव्हता. मग खेळातल्या चुकांमुळे काहींच्या पडद्यावर तो अवचित उगवला, कुजबूज सुरू झाली, आणि एप्रिलमध्ये 'कोरोकोरो' मासिकातून जाहीर झालं: २० जणांना म्यू मिळणार. अर्ज आले ७८,०००. म्हणजे ३,९०० जणांत एक. आमच्याकडे म्हाडाच्या सोडतीत लोक यापेक्षा कमी चुरशीवर नवस बोलतात.

तर अशा या प्राण्याला १९९९ मध्ये मारामारीच्या खेळात आणायचं होतं. त्याला ठोसे मारायला लावणं सोपं होतं. साकुराईंच्या चमूने त्याची ख्याती जशी होती तशी आणली: अवचित दिसणं, आणि तुम्ही नीट बघेपर्यंत नसणं. आपल्याकडे याला फार जुना शब्द आहे, दर्शन. वारीत १५-२० दिवस पायी चालून, मग तासन्‌तास रांगेत उभं राहून माणूस क्षणभर मूर्तीसमोर येतो, आणि बाहेर आल्यावर कुणी त्याला विचारत नाही की विठोबाने काय केलं.

मोरिमोतोंच्या कामावरून आठवलं. त्या काळात शाळाशाळांत आणखी एक अफवा होती, की रेड-ग्रीनमधल्या व्हर्मिलियन सिटीच्या बंदरात जो ट्रक उभा आहे त्याखाली म्यू आहे. ट्रक खरोखर आहे. खाली काही नाही. पुढे २००४ मध्ये त्याच गेमच्या नव्या आवृत्त्या, फायररेड-लीफग्रीन, आल्या तेव्हा बनवणाऱ्यांनी तिथे एक लाव्हा कुकी ठेवून दिली. अफवेवर इतकं गोड उत्तर मला तरी जमणार नाही.

'पुढे तेच चिकटवत गेले' हेही खोटं. दुसऱ्या स्मॅशमध्ये, म्हणजे २००१ च्या 'मेले'मध्ये (नाव मराठीत लिहिलं की सुतक आल्यासारखं वाटतं, इलाज नाही) म्यूच्या जोडीला सेलेबी हा पोकेमॉन आला. २००८ च्या 'ब्रॉल'मध्ये जिराची आला, आणि तिघांना कामं वाटून दिली गेली: सेलेबी ट्रॉफी टाकून जातो, जिराची स्टिकर, आणि म्यू सीडी. या सीडीला महत्त्व का, ते ब्रॉल न खेळलेल्याला समजणार नाही. त्या गेममध्ये प्रत्येक मंचाला अनेक गाणी आहेत, कुठलं किती वेळा वाजावं हे तुम्ही ठरवता, पण काही गाणी आधी सीडी मिळवल्याशिवाय उघडतच नाहीत. म्हणजे म्यू तुमच्या हातात एक नवं गाणं ठेवून जातो, आणि ती लढत हरलात तरी गाणं तुमच्याकडेच राहतं. शून्य उपयोग तो हाच का?

पहिल्या गेमचंही बघा. एकट्याने खेळायच्या मोडमध्ये म्यू दिसला की वेगळे बोनस गुण मिळतात. म्हणजे त्याचं काही देणं सुरुवातीपासूनच होतं, फक्त ते मारामारीच्या हिशेबात धरलेलं नव्हतं.

मजकुराच्या लेखकाची इथे थोडी बाजू घेतो. लढत जिंकायचं हत्यार म्हणून बघाल तर म्यू निकामीच आहे. गंभीर स्पर्धांमध्ये वस्तू बंदच ठेवतात, त्यामुळे तिथे तो दिसण्याचा प्रश्नच येत नाही. पण निकामीपणाचाच पुरस्कार द्यायचा तर गोल्डीन आहे ना! ती बिचारी दर थोड्या वेळाने बॉलमधून पडते आणि जमिनीवर तडफडते, दुसरं काही नाही. एक निकामी सारखा येतो म्हणून आपण हसतो, दुसरा निकामी कधीच येत नाही म्हणून आपण ओरडतो. दोन्ही वेळा पडद्यावर घडतं ते जवळपास सारखंच. हा विनोद ज्याने रचला त्याला खेळ कळत होता.

२००९ च्या मे महिन्यात मामा अमेरिकेहून आला तेव्हा त्याने वी (निन्टेन्डोचा कन्सोल) आणला होता, सोबत ब्रॉल. वर्तकनगरच्या घरात आम्ही चौघं भावंडं, दोन रिमोट धड आणि दोनांच्या बॅटऱ्या रबरबँडने आवळलेल्या. एका दुपारी धाकटीने बॉल फेकला आणि गुलाबीसर काहीतरी वर तरंगू लागलं. तिने रिमोट खाली ठेवून बोट दाखवलं. आम्ही दोघं नुसतेच आ वासून. आणि मावसभावाने, म्हणजे ज्याने आता मला हा मजकूर पाठवला त्याच महाशयांनी, त्या तीन सेकंदांत डाँकी काँगचा हात मागे घेऊन माझ्या पिकाचूला चौकटीबाहेर पाठवलं. सीडीही त्यानेच उचलली. तेव्हा रे बाबा, उपयोग झाला नव्हता का?

१५१ बॉलांचं गणित. पहिल्या गेममध्ये म्यूची शक्यता १५१ मध्ये एक, असं या मजकुरात गृहीत आहे, तेव्हा पोकेमॉनही १५१ च होते म्हणून. तोच आकडा धरून चालू. तरीही १५१ बॉलांत तो 'दिसणारच' असं होत नाही, कारण प्रत्येक बॉल आधीच्या बॉलचा हिशेब ठेवत नाही. म्यू न निघण्याची शक्यता दर बॉलला १५१ पैकी १५०. ती १५१ वेळा गुणली की म्यू एकदाही न दिसण्याची शक्यता उरते सुमारे ३७ टक्के. दर तीन चिवट माणसांमागे एकाहून जास्त जण १५१ बॉल फेकून कोरडेच उठणार. १०५ बॉलांपर्यंत पारडं निम्म्यावर येतं आणि ९० टक्के खात्री हवी तर जवळपास ३५० बॉल फेकावे लागतात. एका लढतीत असे किती बॉल पडतात, आणि त्यातले किती तुमच्या वाट्याला येतात? करा हिशेब.

हो, २०१४ च्या स्मॅशमध्ये मास्टर बॉल आला. त्यातून दुर्मिळ पोकेमॉनच निघतात, मध्येच फजिती करायला गोल्डीन. म्यूचं अप्रूप त्यामुळे थोडं स्वस्त झालं, हे मला आवडलेलं नाही. पण ती तक्रार मजकुराच्या अगदी उलट दिशेची आहे.

म्यूटूचे लाड? मेलेमध्ये तो खेळाडू म्हणून मिळवायला २० तास लढती खेळाव्या लागत, किंवा ७०० लढती. तास खेळणाऱ्या माणसांच्या संख्येने गुणले जायचे, म्हणून लोक चार कंट्रोलर जोडून, वेळेची मर्यादा काढून, कन्सोल चालू ठेवून झोपायला जात आणि पाच तासांनी उठून बघत. ब्रॉलमधून तर त्याला काढूनच टाकलं. २०१५ मध्ये परत आला तो वेगळे पैसे मोजून घ्यायचा खेळाडू म्हणून. लाड असतात ते असे? उलट म्यू एकाही गेममधून गळलेला नाही. सगळ्या पाचही गेममध्ये बॉलमधून निघालेले पोकेमॉन तीनच: गोल्डीन, स्नॉरलॅक्स आणि म्यू.

आणि म्हणूनच 'पाच वेळची हजेरी म्हणजे खूण' हेही टिकत नाही. ती खूण असेल तर गोल्डीनही कंबर कसून तयार असायला हवी. बॉलमधून खेळाडूत बढती कधी झालीच नाही असं मात्र नाही. चारिझार्ड पहिल्या दोन गेममध्ये बॉलमधून निघून आग ओकायचा, ब्रॉलमध्ये तो थेट मंचावर उतरला. लिटल मॅक आणि इझाबेल ही पात्रंही आधी अशीच वस्तूतून निघणारी मदतनीस होती. तेव्हा म्यू कधीच खेळाडू होणार नाही, अशी पैज मी लावत नाही. पण चारिझार्ड खेळाडू झाला त्या दिवशी बॉलमधून यायचा थांबला, हे लक्षात ठेवा. म्यूच्या बाबतीत तेच झालं तर त्याला निवडीच्या पडद्यावर हवं तेव्हा बोट ठेवून घेता येईल, आणि माझा मावसभाऊ दुसऱ्याच दिवशी लिहील की म्यूमध्ये आता पूर्वीची मजा राहिली नाही.

ती सीडी त्याने अजून परत केलेली नाही. कन्सोल त्याच्याकडेच आहे.