निदान पेनी स्लीव्ह तरी घाला!

खरेदी-विक्री मंदावली की अमेरिकेतले बेसबॉल खेळाडूंची छापील कार्डं जमवणारे आपसात कार्डांच्या अदलाबदलीकडे वळतात. चांगलंच आहे. पण ठरलेलं कार्ड टपालात टाकताना दरवेळी इतका हलगर्जीपणा का?

कार्ड थेट टॉपलोडरमध्ये, म्हणजे कडक प्लास्टिकच्या वरून उघड्या कव्हरमध्ये, सरकवलं की हे मोकळे! अहो, आधी मऊ पेनी स्लीव्ह, म्हणजे पातळ प्लास्टिकची स्वस्त पिशवी, मग टॉपलोडर. कडक प्लास्टिकवर घासून क्रोम कार्डावर, म्हणजे वर चकचकीत धातूसारखा थर असलेल्या कार्डावर, बारीक चरे उठतात, ते कशानेही जात नाहीत. टॉपलोडरच्या तोंडाला पारदर्शक चिकटपट्टी तर मुळीच नको. उन्हात तापलेल्या टपालपेटीत तिचा गोंद पाघळतो आणि काढताना कार्डाला लागतो. निळी पेंटर्स टेप लावा, तिचं टोक दुमडून ठेवा, म्हणजे उघडणाऱ्याला नखाने ओरबाडत बसावं लागत नाही.

खेळाडूच्या जर्सीचा तुकडा बसवलेलं जाड कार्ड 35 पॉइंटच्या (पॉइंट म्हणजे इंचाचा हजारावा भाग, जाडीचं माप) टॉपलोडरमध्ये कोंबतात, त्यांचा तर संतापच येतो. कडा चेपल्या की कार्डाची किंमत गेली! जाडी बघून 130 पॉइंटचा वापरा. आणि साध्या पाकिटात टॉपलोडर नको. सॉर्टिंग मशीनच्या रोलरांत पाकीट फाटतं, कार्ड गायब. दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये ठेवा, बबल मेलर (आतून हवेच्या फुग्यांचं अस्तर असलेलं पाकीट) घ्या.

शिवाय दमट गॅरेजमध्ये क्रोम कार्ड वाकतं, कारण पुठ्ठा ओल धरतो, वरचा चकचकीत थर धरत नाही. तसं वाकलेलं कार्ड ‘मिंट’, म्हणजे अगदी कोरं-निर्दोष, म्हणून देऊ नका. आडवं धरून फोटो काढा आणि सौदा ठरण्याआधी दाखवा.